३१ वर्षांनी चिखलदरा (लांबलचक आहे, सांभाळून घ्या)

मूर्तिजापूरकर_७९

नमस्कार मंडळी. लिहीन लिहीन म्हणत गेल्या सप्टेंबरपासून राहूनच जातंय, आज जरा निवांत आहे तर लिहून टाकतो.

मी मूळचा मूर्तिजापूरचा, आता बरीच वर्षं पुण्यात. बाबा शाळेत मास्तर होते. रिझल्ट लागला की आठ दिवस चिखलदरा, हे १९८४ पासून १९९३ पर्यंत एका वर्षीही चुकलं नाही. काका सरकारी नोकरीत होते, त्यांच्या ओळखीने एका खात्याच्या बंगल्यातल्या दोन खोल्या मिळायच्या. आम्ही चौघं, काकांचे पाच, आजी आणि आत्या अशी अकरा माणसं आणि सामान इतकं की बघणाऱ्याला वाटावं घर बदलून चाललेत. वळकट्या, कणकेचा डबा, दोन स्टोव्ह, घासलेटचा कॅन, लोणच्याची बरणी, आणि आजीची स्वतःची वेगळी पिशवी जिला कोणी हात लावायचा नाही.

मूर्तिजापूर ते अचलपूर शकुंतलेने. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही नॅरोगेज गाडी, मालकी ब्रिटिशांच्या वेळच्या खाजगी कंपनीची, आणि ७६ किलोमीटरला चार तास कमीत कमी, पुढे ड्रायव्हरच्या मर्जीवर. आम्ही जायचो तेव्हा वाफेचंच इंजिन होतं. दर्यापूर गेलं, अंजनगाव आलं की खिडकीतून केळी घ्यायची, मग पथ्रोट, मग अचलपूर. तिथून परतवाड्याला जाऊन एसटी पकडायची, आणि घाटात गाडी गरम झाली की कंडक्टर कॅन घेऊन खाली उतरायचा आणि आम्ही पोरं उलट्या करायला. खाली ४४-४५ डिग्री आणि वर रात्री चादर लागायची. फ्रीज नसलेल्या घरातल्या पोराला अजून काय पाहिजे.

१९९३ नंतर बंद झालं. काका आणि बाबांचं घराच्या वाटणीवरून बिनसलं, ते मरेपर्यंत. बाबा २०११ मध्ये गेले, काका त्यानंतर चार वर्षांनी. त्यात शिरत नाही.

तर सप्टेंबरात मूर्तिजापूरला एक लग्न होतं, मी, बायको, मुलगी (वय १३, मोबाईलमध्ये) आणि आई (वय ७४) असे गेलो होतो. गाडी होती, दोन दिवस हातात होते, मी म्हटलं चला. रस्ता दर्यापूर-अंजनगाव-परतवाडा असाच धरला मुद्दाम. दर्यापूरच्या पुढे एके ठिकाणी रूळ दिसले, मधोमध बाभळी उगवलेल्या, चांगल्या डोक्याएवढ्या. गाडी थांबवून मुलीला दाखवलं तर ती म्हणाली एवढेसे? खरंच एवढेसेच होते. अडीच फूट रुंदी असते नॅरोगेजची, पण मला आयुष्यभर ती राजधानी एक्सप्रेस वाटत आली होती.

परतवाड्यावरून धामणगाव गढी, मग घाट, मग मोथा. पहिला धक्का असा की सगळं हिरवंगार! आमचं चिखलदरा मे महिन्यातलं. म्हणजे पिवळं गवत, वाळलेला पाला, धूळ, आणि भीमकुंड म्हणजे एक कोरडा कडा जिथे बाबा सांगायचे की पावसाळ्यात इथून पाणी पडतं आणि आम्हाला ते खोटं वाटायचं. दहा वर्षांत एक थेंब पाहिला नव्हता. यावेळी कठड्याला उभा राहिलो तर पांढराशुभ्र धबधबा थेट खाली, आणि माझ्या तोंडून निघालं "अरे, बाबा खरं बोलत होते!" शेजारचं जोडपं माझ्याकडे बघायला लागलं.

बाकी मग नेहमीचंच. मॅगी, कणसं, सेल्फीसाठी लाकडी हार्ट, घोडे. दरीवर काचेचा स्कायवॉक होणार आहे ४०७ मीटरचा, आम्ही गेलो तेव्हा अर्धवट होता. बंगला सापडला. कुलूप होतं, चौकीदार म्हणाला आता कोणाला देत नाहीत. ज्या व्हरांड्यात आम्ही पाच पोरं क्रिकेट खेळायचो तो मुलीने पावलांनी मोजला, बारा पावलं. बॉलिंगला रनअप कुठून घ्यायचो देव जाणे.

आता मुख्य गोष्ट, पंचबोल पॉइंट. ओरडलं की दरीतून पाच वेळा आवाज परत येतो म्हणून पंचबोल. बाबांचं ठरलेलं होतं, आम्हाला कड्यापासून लांब रांगेत उभं करायचे आणि वर्गातल्यासारखी हजेरी घ्यायचे. ते एकेकाचं नाव घेणार, आम्ही "हजर!" ओरडणार, आणि मग ती दरी हजर हजर हजर करत बसायची. बाबा म्हणायचे "बघा, पटावर पाच आणि हजर पंचवीस, इन्स्पेक्टर खूश होईल." दरवर्षी तोच विनोद आणि दरवर्षी आम्ही खो खो हसायचो.

तर तिथे उभा राहिलो. धुकं होतं. मुलीचं नाव घेतलं, ती आधी लाजली आणि मग ओरडली "हजर!" आणि आलं की परत! मला भरून आलं, मी आईकडे वळून म्हटलं, आठवतं का गं बाबांची हजेरी? तर आई धुक्याकडे बघत म्हणते, "हा कोणता पॉइंट आहे रे? मी नाही पाहिला बाप्पा कधी." म्हटलं अगं असं काय, दरवर्षी यायचो. तर म्हणते, "तुम्ही येत होते. मले कोण आणलं इथं?"

घ्या! दहा वर्षं गेलो आणि माउली म्हणते पाहिलाच नाही. बायको आणि मी जाम हसलो. वय झालं की असं होतं, गोड विसरभोळेपणा.

असो. तुमच्यापैकी कोणी लहानपणीच्या ठिकाणी परत गेलंय का? लिहा.

---

डोळ्यात_कोळसा

अबे भाऊ शकुंतलेचं नाव काढलं अन् डोळ्यात कोळसाच गेला नं! आम्ही अंजनगावचे. खिडकीत बसाचं म्हणून भांडाचं आन् मंग घरी येईलोक डोये चोयत राहाचं. वाफेचं इंजिन एप्रिल १९९४ ले बंद झालं, म्हंजे तुमची शेवटची ट्रिप त्याच्या आंदीच्या वर्षी, नशीबवान हा तुम्ही. १९२१ चं विलायती इंजिन होतं ते, सत्तर वर्ष वढलं बिचाऱ्यानं. मंग डिझेल आलं, आन् मंग तेही बंद. आता ब्रॉडगेज होईन होईन म्हंतात, आमचे पोट्टे म्हातारे होईन तवा होईन.

केळी आमच्या गावची हे लिहिलं ते बेस केलं, पण पानं काहून इसरले? अंजनगावचं पान म्हंजे पान.

---

सदाशिवपेठी

छान लिहिलंय. विदर्भात थंड हवेचं ठिकाण आहे हे ऐकून होतो, आज खात्री पटली. तिथे स्ट्रॉबेरी पण होते म्हणे? महाबळेश्वरवाल्यांना कळवू का?

---

डोळ्यात_कोळसा

@सदाशिवपेठी मोथ्याले होते स्ट्रॉबेरी. कॉफीबी होते. या कधी, दुपारी एक ते चार बी दुकानं चालू राह्यतात आमच्याकडं.

---

सदाशिवपेठी

लागलं. 😀

---

इतिहासाचा_किडा

गाविलगडाचा उल्लेखच नाही?? चिखलदऱ्याला जाऊन गाविलगड न बघणारे लोक मला कळत नाहीत. गावापासून चालत जाता येतं. बहमनी अहमदशहाने बांधलेला, नंतर इमादशाहीत फतेउल्ला इमादउल्मुल्कने वाढवलेला, दरवाजावर गंडभेरुंड कोरलेला आहे तो बघायलाच हवा. १५ डिसेंबर १८०३ ला आर्थर वेलस्ली (हाच पुढे वॉटर्लूवाला ड्यूक ऑफ वेलिंग्टन) आणि कर्नल स्टीव्हन्सन यांनी घेतला. स्टीव्हन्सनची फौज उत्तरेकडून चढली, तोफा डोंगरातून ओढत न्यायला रस्ता करत करत. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. दोनच दिवसांत भोसल्यांनी देवगावला तह केला आणि ३० डिसेंबरला शिंद्यांनी सुर्जी-अंजनगावला, म्हणजे वर ज्या स्टेशनावर केळी खाल्लीत तिथेच मराठ्यांच्या ताब्यातली अर्धी उत्तर हिंदुस्थान गेली. हे पोरांना सांगा.

---

डोळ्यात_कोळसा

@इतिहासाचा_किडा आमच्या गावात हिंदुस्थान गेला आन् तुम्ही आमालेच सांगून राह्यले. 😂

---

निंबोणी

मूर्तिजापूरकर, लेख आवडला, हजेरीचा भाग तर फारच. पण शेवट वाचून थांबले आणि परत पहिल्यापासून वाचला.

दोन स्टोव्ह, घासलेट, कणकेचा डबा असं तुम्हीच लिहिलंय. अकरा माणसं. हॉटेल नाही. मग तुम्ही पंचबोलला हजर हजर करत असताना बंगल्यावर भाकऱ्या कोण थापत होतं? तुमच्या आई विसरलेल्या नाहीत हो. त्यांना नेमकं आठवतंय. विसरलात ते तुम्ही.

भोचकपणा वाटला तर माफ करा. आमच्याकडे गणपतीपुळ्याला हेच चालायचं. माझ्या आईला समुद्र आठवतच नाही, तिला तिथला नळ आठवतो. पहाटे पाचला यायचा आणि सहाला जायचा.

---

बे_एके_बे

आलं, आलं! प्रत्येक धाग्यात हे आणायलाच हवं का? माणूस वडिलांची आठवण सांगतोय. तेव्हा सगळ्यांच्याच घरात तसं होतं, बायकाही हौसेने करायच्या, आमच्या आईला विचारा, ती म्हणेल तेच दिवस छान होते. आजच्या चष्म्यातून जुन्या गोष्टी बघितल्या की सगळंच अन्याय दिसतं.

---

निंबोणी

@बे_एके_बे तुमच्या आईला मी विचारायचं? तुम्हीच विचारा की. पण प्रश्न "छान होतं ना गं?" असा नको. "तू तिथे काय काय बघितलंस?" असं विचारा आणि काय उत्तर येतं ते इथे लिहा.

---

हडसनकाठचा_वऱ्हाडी

न्यू जर्सीतून लिहितोय. अमरावतीत वाढलो, कॉलेजात असताना पावसाळ्यात बाईकवर चिखलदरा म्हणजे रविवारचा कार्यक्रम, परतवाड्यापर्यंत पाऊस आणि वर ढग. परत जायची हिंमत होत नाही खरं सांगायचं तर. आमच्या घराचं २०१९ ला असंच झालं, बघायला गेलो आणि तिथे मंगल कार्यालय. आता डोळे मिटले की घर आठवायच्या ऐवजी मंगल कार्यालयच दिसतं. त्यापेक्षा चिखलदरा जसं आहे तसं डोक्यात राहू दे.

(गिला वडा कोणी कुरियर करतं का? गमतीत नाही विचारत.)

---

डोंगरावरचा

मी चिखलदऱ्यातच राहतो, पर्यटनाचाच धंदा आहे, म्हणून थोडं लिहितो.

तुम्ही सगळे येता आणि म्हणता पहिल्यासारखं राहिलं नाही. बरोबर आहे. पण पहिलं कसं होतं ते आम्हाला विचारा ना. मे महिन्यात पाण्यासाठी मारामार, दवाखान्यासाठी परतवाडा नाहीतर अमरावती, शिकायला पोरं बाहेर. तुम्ही आठ दिवसाचे पाहुणे, तुम्हाला शांतता गोड वाटायची. आम्हाला ती वर्षभर पुरायची. आता पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी घाटात गाड्यांची रांग लागते, त्रास होतोच, प्लास्टिकचा तर ऊत आला आहे, पण त्या दोन महिन्यांवर इथल्या घरांचं वर्ष निघतं. मॅगीला नावं ठेवणाऱ्यांनी ती मॅगी विकणारी बाई कोण आहे तेही बघावं, बरेचदा खालच्या पाड्यातली कोरकू बाई असते, घरची कुटकी-कोदो सोडून मॅगी शिकली कारण तुम्ही तीच मागता.

स्कायवॉकबद्दल इथे पण दोन मतं आहेत. बाजूला मेळघाट वाघांचं जंगल, १९७३ ला प्रोजेक्ट टायगर सुरू झालं तेव्हाच्या पहिल्या नऊ जंगलांतलं, त्यामुळे परवानग्यांत अडकतं. आम्हाला काम हवं आहे आणि जंगलपण हवं आहे. एवढंच.

---

सदाशिवपेठी

@डोंगरावरचा हे आवडलं. होळीला यायचं म्हणतो एकदा, कोरकूंची होळी मोठी असते असं वाचलंय.

---

डोंगरावरचा

या. चार-पाच दिवस चालते. रस्त्यात गाडी अडवून फगवा मागतील, सुटे पैसे ठेवा आणि काच खाली करून हसून द्या. व्हिडिओ आधी विचारून काढा.

---

मूर्तिजापूरकर_७९

मंडळी, मधे पंधरा दिवस आलो नाही. खरं सांगतो, निंबोणींचा प्रतिसाद वाचून आधी राग आला होता. मोठं उत्तर टाईप पण केलं होतं, बे_एके_बे यांनी लिहिलंय साधारण तेच, की आमच्या घरी तसं नव्हतं, आई पण यायची, मला चांगलं आठवतं. आणि पुरावा म्हणून पंचबोलचा फोटो टाकावा म्हणून अल्बम काढला.

१९८८ चा फोटो आहे. खडकावर रांगेत पाच पोरं, आत्या, काका, टोपी घातलेली आजी. आजी! गुडघे दुखतात म्हणून जी घरी पाट उचलत नव्हती ती पंचबोलला हजर आहे. बाबा नाहीत कारण कॅमेरा त्यांच्या हातात. आई नाही. काकू नाही. मग सगळा अल्बमच बघितला, दहा वर्षांचे मिळून चाळीसेक फोटो असतील, देवी पॉइंट, मोझरी पॉइंट, गाविलगडाचा दरवाजा (किडा, तुमचा गंडभेरुंड आहे, त्याच्याखाली मी नाक पुसतोय). आई दोन फोटोंत आहे. एक एसटी स्टँडवर, वळकटीवर बसलेली. दुसरा बंगल्याच्या मागच्या दारात, हातात उलथनं, चेहऱ्यावर "आता काय फोटो काढता" असा भाव.

आणि मला शपथेवर आठवत होतं की ती पंचबोलला होती. तिची निळी साडी आठवत होती. निळी साडी त्या उलथन्याच्या फोटोत आहे. मी माझ्या मनानेच तिला उचलून दरीकाठी नेऊन ठेवलं होतं.

अल्बम घेऊन आईकडे गेलो. म्हटलं सांग, तू आठ दिवस काय करायचीस? ती मटार सोलत होती, सोलता सोलताच सांगितलं. रॉकेल रेशनचं, दोन महिने आधीपासून बाटल्या भरून साठवायचं. सकाळी अकरा जणांचा चहा, मग पोरांचं दूध, पोहे, मग तुम्ही लोक निघाले की भांडी, कपडे, मग स्वयंपाक, तुमच्या काकांना गरमच लागायचं. पाणी वर नव्हतंच, बादल्यांनी आणायचं. दुपारी तुम्ही झोपायचे तेव्हा आम्ही दोघी निवडत बसायचो. म्हटलं मग एकदाही कुठे गेली नाहीस? तर म्हणे "एक वर्षी देवी पॉइंटले नेलं होतं, दर्शन म्हणून. पाऊण तास."

मी काही बोललो नाही. मटार सोलायला बसलो.

मग तीच हसली. म्हणे, "तुले वाटते आम्ही काहीच नाही पाहिलं? आम्ही अस्वल पाहिलं."

आता ऐका. आम्ही बाकीचे उठायच्या आत, अजून उजाडायचं असायचं, आई आणि काकू दोघी बादल्या घेऊन शक्कर तलावाकडे जायच्या. बंगल्याच्या बाजूला हापसा होता, तिथे गेलं तरी चाललं असतं, पण त्या तलावावरच जायच्या, लांब. आजीला सांगितलं होतं की हापशाचं पाणी वरणाला चालत नाही, डाळ शिजत नाही. थाप होती. एक तास मिळायचा. तिथे दगडावर बसायच्या पाण्यात पाय सोडून, काकू गाणं म्हणायची, आणि म्हणे कधी कधी काकू माहेरून आणलेली सुपारी काढायची जी घरात कोणाला माहीत नव्हती. आणि १९९० च्या सुमारास एका सकाळी पलीकडच्या काठाला अस्वल आलं पाणी प्यायला, पाठीवर पिल्लू. अस्वलाचं पिल्लू आईच्या पाठीवर बसतं हे मला डिस्कव्हरीवर कळलं, माझ्या आईने पंचवीस फुटांवरून पाहिलं होतं. दोघी हलल्या नाहीत. अस्वल पाणी प्यालं, यांच्याकडे बघितलं आणि गेलं.

म्हटलं मग सांगितलं का नाही गं कोणाला! आम्ही पोरं वेडी झालो असतो!

म्हणे, "सांगितलं असतं तर तलावावर जाऊ दिलं असतं का मंग आम्हाले?"

३४ वर्षं कोणाला सांगितलं नाही हो. बाबांना पण नाही.

---

निंबोणी

हे वाचून काय लिहावं कळत नाहीये. डाळ शिजत नाही!! दोघींना माझा साष्टांग नमस्कार सांगा.

---

डोळ्यात_कोळसा

भाऊ इकडं ऑफिसात बसून रडून राहिलो मी, बाजूचा विचारते काय झालं, काय सांगू त्याले, अस्वल?

---

बे_एके_बे

आईला फोन केला होता. प्रश्न तुम्ही सांगितलात तसाच विचारला. आम्ही दरवर्षी दिवेआगरला जायचो. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली "तिथली विहीर खोल होती." बस. मग बायकोच्या तब्येतीचं विचारायला लागली.

---

इतिहासाचा_किडा

माझ्या प्रतिसादातली दुरुस्ती, अर्धी उत्तर हिंदुस्थान हे जरा जास्तच झालं होतं. गंगा-यमुनेचा दुआब, दिल्ली-आग्रा भाग असं म्हणायला हवं. आणि मूर्तिजापूरकर, काकू आहेत का अजून? तुम्ही लिहिलं नाहीत.

---

मूर्तिजापूरकर_७९

@इतिहासाचा_किडा आहेत. परतवाड्याला असतात धाकट्या मुलाकडे. आणि हीच दुसरी बातमी आहे.

मला वाटत होतं की वाटणीनंतर दोन्ही घरांचं बोलणं बंद. म्हणजे माझ्या लेखी बंदच होतं, चुलतभावाच्या लग्नाला आम्हाला पत्रिका नव्हती, बाबांच्या तेराव्याला तिकडून कोणी आलं नव्हतं. तर त्या मटारच्या दिवशी आईने फोन उचलला आणि लावला. नंबर पाठ! म्हटलं हे कधीपासून? म्हणे पहिल्यापासून. आधी पोस्टातून पत्र, माहेरच्या पत्त्यावर. मग एसटीडी बूथ. मग मोबाईल. आणि आम्ही इतकी वर्षं परतवाड्याचा विषय निघाला की आईसमोर जपून बोलायचो.

फोन स्पीकरवर होता. आई म्हणाली, "पोट्ट्याले अस्वल सांगितलं व आज." पलीकडून काकू, ७१ वर्षांची बाई, जे हसायला लागली ते थांबेचना, मग खोकला, मग परत हसू. मग म्हणाली, "सुपारीचं नाही नं सांगितलं?"

सांगितलं होतं.

तर आता दोघींचं ठरलं आहे. दिवाळी झाली की चिखलदरा, चार दिवस. मी म्हटलं मी घेऊन जातो, तर मला सांगण्यात आलं की तू परतवाड्यापर्यंत सोड आणि परत जा. वरचं आम्ही बघू. बायकोने पण यायचं नाही, नातीने पण नाही. खोली अशी पाहिजे की चहा खोलीत आणून देतील, स्वयंपाकघर नको ("गॅस दिसला तर मी निघून येईन" इति आई), जिने नकोत, आणि सकाळी चालत तलावावर जाता आलं पाहिजे.

@डोंगरावरचा, काही सुचवू शकता का? इथे कोणाचे नंबर टाकू नका, मेसेज करा.

---

डोंगरावरचा

मेसेज केला आहे. तळमजल्यावरची खोली, तलाव सात-आठ मिनिटं चालत. चहा खोलीत मिळेल, त्याची काळजी करू नका. दिवाळीनंतर थंडी चांगली असते, स्वेटर, कानटोपी द्या. सीताफळं पण असतील. पंचबोलपर्यंत गाडी जाते, चालणं फार नाही, गाविलगड मात्र त्यांना झेपायचा नाही, दरवाजापर्यंत हळूहळू बघता येईल.

एक महत्त्वाचं. पहाटे अंधारात तलावावर जाऊ देऊ नका. पूर्ण उजाडल्यावरच. अस्वल अजून आहेत, बिबटे पण गावाच्या कडेने फिरतात. मी मजेत सांगत नाही.

---

मूर्तिजापूरकर_७९

आईला तुमचा मेसेज वाचून दाखवला. अस्वल अजून आहेत एवढंच तिने ऐकलं. लगेच काकूला फोन.

---

हडसनकाठचा_वऱ्हाडी

मी डिसेंबरमध्ये येतोय भारतात. तिकीट काल काढलं. आईला घेऊन वर जाईन म्हणतो, बघू, अजून तिला विचारलेलं नाही. गिला वड्याचा प्रश्न मागे घेतो.

---

डोळ्यात_कोळसा

@मूर्तिजापूरकर_७९ दोघी अंजनगाववरूनच जातीन नं परतवाड्याले? मंग स्टँडवर थांबवा गाडी, दोन पानं बांधून देतो आमच्या मळ्यातले, सुपारी काकूकडं हायेच.

---

मूर्तिजापूरकर_७९

नक्की थांबतो. आई विचारते आहे मोथ्याचा खवा दिवाळीनंतरच्या थंडीत किती दिवस टिकतो, परत येताना पुण्यापर्यंत आणायचा आहे. कोणाला माहीत असेल तर सांगा.

---

डोंगरावरचा

फ्रीजशिवाय दोन दिवस, जरा परतून आणला तर तीन. निघायच्या दिवशी सकाळीच घ्यायचा, आदल्या दिवशी नाही.